न आलेल्याचा तुकडा

धाकटीने काचेचं भांडं उचललं, ताटलीतल्या पावाच्या तुकड्यावर करंगळी टेकवली आणि हलकेच दाबली. खळी पडली. बोट काढल्यावर ती हळूहळू भरून आली. पूर्ण भरायला चार सेकंद लागले.

"हात लावू नकोस," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती ओट्याकडे तोंड करून चहा गाळत होती. मागे वळलीसुद्धा नव्हती.

धाकटीने भांडं परत पालथं घातलं. ताटलीच्या कडेवर बारीक किणकिण झाली.

"नाही लावला," ती म्हणाली.

ताई दोन कप घेऊन बाहेर आली. डावा हात तिने अंगाशी धरला होता. गेला महिनाभर ती तो तसाच धरत होती, जणू काखेत थर्मामीटर आहे. त्याच मनगटावर आईचं घड्याळ होतं, जुन्या चामड्याच्या पट्ट्याचं.

"एकोणीस दिवस झाले आज," ताई म्हणाली.

"ताई, एकोणीस दिवस पाव मऊ राहत नाही. बुरशीचं एक वेळ सोडून दे. नुसता शिळा होऊनही तो कडक होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी दाबून बघितलास तर पुठ्ठ्यासारखा लागतो."

"तेच तर म्हणतेय मी."

"मी उलट म्हणतेय."

"तू उलट म्हणत असशील. दिवस माझ्या बाजूने मोजले जातायत." ताईने कप तिच्यापुढे सरकवला. "साखर कमी आहे. लागली तर घे."

तो तुकडा ताटलीत ठेवला गेला त्याच दिवशी सकाळी ताईचा तपासणीचा अहवाल आला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ताईच्या या बाहेरच्या खोलीत सहा-सात माणसं जमत. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर बायबलच्या शुभवर्तमानातला एक उतारा नेमून देत, पाळीप्रमाणे कुणीतरी त्याचा अर्थ सांगे आणि बाकीचे त्याला फाटे फोडत. शेवटी एक पाव सगळ्यांत वाटून खायचा. त्यातला एक तुकडा, जो आज येऊ शकला नाही त्याच्या नावाने, काचेच्या भांड्याखाली ठेवायचा आणि पुढच्या शुक्रवारी पाखरांना घालायचा. ही या मंडळींची रीत होती. पाव धाकटी आणायची, ती काम करायची त्या बेकरीतून.

पुढच्या शुक्रवारी ताईने भांडं उचललं तेव्हा तुकडा ठेवला तसाच होता. पांढरा, मऊ. शिवणकाम करणाऱ्या शेजारणीने तोंडावर हात ठेवला. ताईने तुकडा पाखरांना घातला नाही. आणखी एक आठवडा बघू, म्हणाली. दुसऱ्या आठवड्यानंतरही तो तसाच राहिला, तेव्हा तिने इस्पितळात फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली. हा पाव जोवर नासत नाही तोवर डॉक्टरांनी मला हात लावायची गरज नाही, असं तिने धाकटीला सांगितलं होतं, तेही गॅसचं बिल भरल्याचं सांगावं तशा आवाजात.

धाकटीने पहिला संशय स्वतःवर घेतला होता. पाव टिकावा म्हणून पिठात जी पूड घालतात तिची मापं बेकरीच्या प्रयोगशाळेत तीच करून द्यायची. एखाद्या वेळच्या पिठात चुकून दोन मापं पडली असतील, असं तिला वाटलं. पण रोजच्या मालातलं एक पाकीट प्रयोगशाळेच्या कपाटात एकवीस दिवस ठेवलं जाई आणि त्याची रोज नोंद होई. त्या शुक्रवारच्या पाकिटावर सहाव्या दिवशी पहिला डाग आला होता. नोंद तिच्याच अक्षरात होती.

"इस्पितळाने मंगळवारची नवी तारीख दिलीय," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, गाठ अजून एका जागी आहे. आणखी थांबलात तर ती थांबेल असं नाही."

"आईच्या वेळीही हेच म्हणाले होते. वेळेत आलात म्हणाले." ताईने घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला. "वेळेत नेलं आणि वेळेत परत दिलं. फक्त घड्याळ."

आईला ऑपरेशनला आत नेलं त्या दारापाशी तेव्हा दोघी उभ्या होत्या. घड्याळ ताईच्या हातात दिलं गेलं, कारण ती थोरली होती.

"शुक्रवारी तुझी पाळी आहे," ताई म्हणाली. "मास्तरांनी मुद्दाम भाकरींचा उतारा दिलाय. नीट वाचून ये. मागच्या वेळी तू मिठाचा अर्थ सांगताना सोडियम की काय म्हणालीस, शेजारीण अजून बोलून दाखवते."

निघताना धाकटी चपला घालायला दारापाशी वाकली. तिथल्या खुंटीला भावजींच्या वायरीची वेटोळी टांगलेली असत. भावजी लिफ्ट दुरुस्त करायचे. घरात त्यांची जागा ही खुंटी आणि तिच्याखालचं स्टूल एवढीच, असं ताई म्हणायची. शुक्रवारी माणसं जमली की ते पान्यांची पिशवी उचलून बाहेर जात आणि पाव वाटून झाल्यावर येत. तुमचं वर जाणं-येणं चालू दे, आमचं रोज पोटासाठी चालूच असतं, हा त्यांचा ठरलेला विनोद होता.

वेटोळी उलगडू नयेत म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या चिमट्या लावल्या होत्या. धाकटी एका पायात चप्पल घालून तशीच थांबली. पावाच्या पाकिटाच्या तोंडाला बेकरीत लावतात त्याच या चिमट्या. रोजचा रंग ठरलेला होता. सोमवारी निळा, मंगळवारी पिवळा, बुधवारी हिरवा. ती या घरात शुक्रवारचाच पाव आणायची आणि शुक्रवारची चिमटी पांढरी असे. एरवी इथे पाव कुणी खात नव्हतं. खुंटीवर तिने निळ्या दोन मोजल्या, पिवळ्या दोन, हिरवी एक.

दार बाहेरून उघडलं.

"या, प्रयोगशाळा," भावजी म्हणाले. "काय म्हणतो आमचा पाव? पास की नापास?"

"पिशवीत काय आहे, भावजी?"

"पक्कड, पाने आणि तुझ्या बहिणीने सकाळी घातलेल्या शिव्या." ते हसले, पण पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तिच्यापासून लांबच्या.

ती बसने घरी गेली नाही, चालत गेली. वाटेत तिने हिशेब मांडला. भावजींना आत्ता जाऊन विचारलं, तर ते नाही म्हणतील किंवा गप्प बसतील. समजा, ऐकलं आणि आजपासून तुकडा बदलणं बंद केलं. आज बुधवार. शेवटचा ताजा तुकडा आजचा धरला, तर पहिला डाग सहाव्या दिवशी. सहावा दिवस मंगळवार. तोही संध्याकाळी, दिसला तर. आणि ताईला सांगायचं, तर काय सांगायचं? तुझा चमत्कार तुझा नवराच पिशवीतून आणतो? इतके दिवस ती ज्याच्या आधाराने जेवत-झोपत होती ते काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं, आता चल, निर्धास्त मनाने चल?

ती एका बंद दुकानाच्या पायरीशी उभी राहिली आणि तिने हिशेब पुन्हा केला. सहा दिवसांचे पाच काही होईनात.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. धाकटीने कपाटातून त्या शुक्रवारचं पाकीट काढलं. विसावा दिवस. आतले काप काळपट हिरवे झाले होते, मधे मधे पांढरी लव होती. कपाटातला नमुना प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही, एकविसाव्या दिवशी उकळून टाकायचा आणि सही करायची, असा नियम होता. तो कागद तिनेच टाइप करून भिंतीला लावला होता. तिने चिमट्याने कडेचा एक काप डब्यात घेतला. हे तसं खोटं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. त्याच दिवसाचा, त्याच भट्टीतला पाव. ताईचा तुकडा खरोखर तिथे राहिला असता तर आज असाच दिसला असता. मी फक्त न बदललेली वस्तू जागेवर ठेवते आहे. हे सगळं बरोबर होतं, तरी डब्याचं झाकण तिला दोनदा लावावं लागलं.

ताईच्या घराची किल्ली तिच्याकडे असायची. ताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चादर खांद्यापर्यंत ओढलेली, श्वास संथ. धाकटीने भांडं उचललं, ताजा तुकडा काढून रुमालात गुंडाळला, डब्यातला तिथे ठेवला. भांडं टेकवताना तिने श्वास रोखला. किणकिण झालीच, अगदी पुसट. तिने आत पाहिलं. ताई हलली नव्हती.

उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ताई भांडं उचलेल. आठवडाभर झाकण काढायचं नाही, हा तिनेच घालून घेतलेला नियम. रुमालातला तुकडा धाकटीने बसथांब्याजवळ कुस्करून टाकला. चिमण्या लगेच आल्या.

पण उद्याची सकाळ तिने हिशेबात धरली नव्हती. भावजी तुकडा केव्हा बदलतात, हे तिने स्वतःला विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊला बेकरीच्या फाटकावरच्या माणसाने निरोप पाठवला की तुमचे कुणी आलेत. भावजी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या कपाळावर पिठाची रेघ होती. वाटेत कुठे टेकले असावेत. त्यांनी जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि उघडला.

"बघ," ते म्हणाले.

धाकटीने पाहिलं. कडेचा काप, काळपट हिरवा. तिने तो ओळखला.

"तुला खरं सांगतो. रागाव, पण आधी ऐक." ते स्टुलावर बसले नाहीत. "अहवाल आला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो भांड्याखालचा पाव मी खाल्ला. भूक लागली होती. कसला पाव आहे, कुणासाठी आहे, काही विचार केला नाही. उभ्या उभ्या खाल्ला. मग शुक्रवार जवळ आला तशी भीती वाटली. ती म्हणेल, एवढी अक्कल नाही. म्हणून सकाळी वर्कशॉपशेजारून पाकीट आणलं आणि एक तुकडा ठेवून दिला. तेवढंच. त्या संध्याकाळी मी आलो तर ही रडत होती. हसत होती आणि रडत होती. मला म्हणाली, बघा. मी काय बघणार?"

बाहेर पाव कापायचं यंत्र सुरू झालं. ते थोडं मोठ्याने बोलू लागले.

"मग रोज. ती सकाळी आंघोळीला गेली की बदलायचा. उरलेला पाव वर्कशॉपमध्ये. तिथे सगळ्यांना वाटतंय माझी बढती झाली. थांबणार होतो गं. रोज ठरवायचो, आज शेवटचा. तिचा चेहरा बघितला की दुसऱ्या दिवशी परत. तारीख रद्द केली तिने, त्या दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात पाना पडला माझा. मी तिला मारतोय हे मला कळत होतं, आणि थांबताही येत नव्हतं."

"भावजी—"

"काल सकाळी ठेवलेला हा. काल सकाळी. ताजा. आज उघडला तर हे." त्यांनी डब्याकडे बोट केलं, पण हात लांब ठेवला. "एका दिवसात. तू शिकलेली आहेस. एका दिवसात होतं असं?"

धाकटीने डबा हातात घेतला आणि उजेडाकडे नेला, जणू अजून नीट बघायचं राहिलं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द म्हटला की ते विचारतील, मग हा आला कुठून. मग ते घरी जातील, कदाचित पुन्हा पाव घेऊन.

"राहू दे," भावजी म्हणाले. "मला कळलं काय ते. आयुष्यात मी कधी हात जोडले नाहीत. मला वाटायचं वर कुणी नाही, म्हणून माझं कुणाला दिसत नाही." त्यांनी बाहीने कपाळ पुसलं, पीठ आणखी पसरलं. "मी संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू फक्त तिच्याजवळ बस."

ते गेल्यावर तिने काप पाकिटात परत ठेवला. तो एकविसावा दिवस होता. तिने पाकीट उकळत्या पाण्यात टाकलं, वेळ लिहिली आणि सही केली. काप मोजायचा रकाना होता. काप पूर्ण भरले. नोंद इतकी नीट जुळली होती, तरी ती तिच्याकडे बराच वेळ पाहत बसली.

संध्याकाळी भावजी स्टुलावर बसून राहिले. मास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खुर्ची थोडी सरकवून जागा केली. शेजारीण गुडघा चोळत भांड्याच्या सगळ्यांत जवळ बसली होती. उतारा वाचून झाला. सगळे धाकटीकडे बघू लागले.

"मी दिवसभर नोंदी तपासते," ती म्हणाली. "म्हणून मला यात आधी काय नाही ते दिसलं. सुरुवातीला किती होतं ते लिहिलंय. पाच भाकरी, दोन मासे आणि जेवायला पाच हजार माणसं. शेवटी किती उरलं तेही लिहिलंय. बारा टोपल्या. मधे काय झालं ते नाही. असा अहवाल माझ्याकडे आला असता तर मी परत पाठवला असता."

"मीही," मास्तर म्हणाले. "पायऱ्या न दाखवता उत्तर. शून्य गुण."

"म्हणजे चमत्कार झालाच नाही म्हणतेस?" शेजारीण म्हणाली. "सरळ सांग बाई. तुझं कापड मला उलटं की सुलटं तेच कळत नाही."

"तसं नाही म्हणत. आणि लोक भुकेले आहेत म्हटल्यावर प्रभूने आधी काय केलं ते बघा. शिष्यांना म्हणाला, तुम्हीच द्या त्यांना खायला. तुमच्याजवळ काय आहे ते आधी जाऊन बघा." ती थांबली. भावजी आपल्या तळहातांकडे बघत होते. "आणि पुढे, त्याच रात्री, शिष्य होडीत असताना वारा सुटतो आणि ते घाबरतात. तिथे लिहिलंय की भाकरींचं त्यांना काही कळलंच नव्हतं. ज्यांनी स्वतःच्या हातांनी वाटल्या त्यांना. मला हे शिष्य कधी आवडले नाहीत. डोळ्यांसमोर झालं आणि कळलं नाही, म्हणजे काय, असं वाटायचं."

"आणि आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता तसं म्हणवत नाही. हातातून गेलं म्हणजे कळतंच असं नाही."

तिने आणखी दोन पानं लिहून आणली होती. ती तिने घडी घालून पर्समध्ये ठेवली.

ताई उठली आणि तिने भांडं उचललं. ताटली रिकामी होती. शेजारणीने मान पुढे काढून टेबलाखालीसुद्धा पाहिलं.

"मी सांगतो," भावजी म्हणाले.

सकाळी सांगितलं त्याच क्रमाने त्यांनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, काही सजवलं नाही. फक्त पाना पडल्याचं ते बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "कालचा ताजा पाव आज काळा पडला. एका दिवसात. मला वाचता येतं तेवढं मी वाचलंय. मंगळवारी जायचं आहे. मी पाया पडतो, पण जायचं."

मास्तर धाकटीकडे पाहत होते. ते गणिताचे मास्तर होते. तिने नजर टेबलावर ठेवली.

ताईने रिकाम्या ताटलीवरून बोट फिरवलं.

"भूक लागली होती?" तिने विचारलं.

"हो."

"त्या दिवशी मी स्वयंपाक काय केला होता?"

"काही नाही," भावजी म्हणाले. "अहवाल आल्यापासून गॅस पेटलाच नव्हता."

"मग बाहेर खायचं होतंत."

"तू जेवली नव्हतीस. बाहेर कसं खाणार?"

ताईने मान हलवली, बराच वेळ. मग धाकटीने आणलेलं पाकीट उघडलं, पांढरी चिमटी ताटलीशेजारी ठेवली आणि पाव वाटायला घेतला. सगळ्यांना एकेक दिला. उरलेला एक तुकडा भांड्याखाली न ठेवता ती दाराकडे गेली आणि भावजींच्या हातात दिला.

"जो आला नाही त्याच्यासाठी ठेवायचा असतो तो," ती म्हणाली. "इतकी वर्षं इथे न आलेलं माणूस दुसरं कोण होतं? तुमचाच होता. उगाच चोरून खाल्लात."

मंगळवारी सकाळी इस्पितळाच्या लांब मार्गिकेत तिघं बसली होती. भिंतीला खांद्याएवढ्या उंचीवर पुसट डाग होते, डोकी टेकून टेकून पडलेले. भावजींना सह्या करायला खिडकीपाशी बोलावलं. ते पेन मागायला परत आले, पेन खिशातच होतं, ते घेऊन पुन्हा गेले.

ताईने हिरवा सैल झगा घातला होता. चष्मा काढून ठेवल्यामुळे तिचा चेहरा अनोळखी आणि लहान वाटत होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुझ्या विषयातलं."

"विचार."

"एका दिवसात येते का गं बुरशी?"

धाकटीने समोरच्या दाराकडे पाहिलं. त्याच्या वरचा दिवा अजून लागला नव्हता. चालत बाहेर पडायला ताईला तीस पावलं पुरली असती. हो म्हणायला फक्त मान हलवायची होती.

"नाही," ती म्हणाली. "एका दिवसात नाही येत."

"किती लागतात?"

"आपल्या पावाला सहा. झाकून ठेवला आणि गरमी असली तर पाच."

"हं." ताईने घड्याळाचा पट्टा सोडवायला घेतला. एका हाताने तो निघेना. धाकटीने मदत केली. "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. मी बाहेर आल्यावर सांगेन. माझ्या पद्धतीने."

"ताई, तुला—"

"काचेचा आवाज येतो, धाकटे. न्हाणीघरातही येतो. रोज सकाळी त्यांचा यायचा. गुरुवारी दुपारी तुझा आला. मी झोपले नव्हते."

धाकटीच्या हातात घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा अडखळत चालत होता.

"मग रोज माहीत होतं तुला? आणि तरी तारीख..."

"घाबरले होते," ताई म्हणाली. "तेवढंच. तसं म्हटलं असतं तर तुम्ही दोघांनी मला हाताला धरून नेलं असतं. देवाचं नाव घेतल्यावर कुणी हात धरत नाही." तिने झग्याच्या नाड्या सारख्या केल्या. "आणि ते रोज न चुकता पाव आणायचे. पावसात भिजूनही एकदा. लग्नात हार घालायला उशिरा आला होता तो माणूस."

दार उघडलं. नर्सने आडनाव घेतलं नाही, फक्त मान हलवून बोलावलं. ताई उठली. भावजी धावत आले, पण तोवर ती दारापाशी पोचली होती. तिने मागे वळून हात वर केला, डावा हात, आणि तो खांद्याच्या वर जाईना म्हणून मधेच थांबवला. वरचा दिवा लागला.

भावजी धाकटीशेजारी बसले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. शब्द ऐकू येत नव्हते. प्रार्थनेत ते नवखे होते, मधेच अडत आणि पहिल्यापासून सुरू करत. धाकटीने आईचं घड्याळ मनगटाला बांधलं. शेवटच्या भोकातही पट्टा तिला सैल होत होता. मग ते काढून तिने मुठीत धरलं.

दहा वाजले तसे भावजींनी पिशवी उघडली आणि पावाचं पाकीट काढलं. पिवळी चिमटी त्यांनी सवयीने खिशात टाकली.

"खाऊन घे," ते म्हणाले. "तूही सकाळपासून काही खाल्लं नसशील."

तिने तुकडा घेतला. तिची करंगळी आपोआप त्यावर टेकली. खळी पडली. ती भरून यायची वाट न बघता तिने पाव मधे मोडला, अर्धा त्यांना परत दिला आणि उरलेला खाल्ला.